तेविसाव्या विहिरीचं पान

१

प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाईंनी पाण्याचा ग्लास आमच्या बाईंच्या नाकापुढे धरला आणि विचारलं, "वास येतोय, की मलाच भास होतोय?"

बाईंनी हुंगलं आणि ग्लास माझ्याकडे दिला. मी पाणी खात्याचा ड्रायव्हर. सत्तावीस वर्षं डिझेलमध्ये काढूनही माझं नाक शाबूत आहे, हे बाईंना ठाऊक होतं. वास होता. अगदी पुसट, गोडसर. लाँड्रीतून आणलेला गरम कोट कपाटातून काढताना येतो, तसा.

प्रयोगशाळेचा अहवाल सकाळीच हाती पडला होता. कपड्यांच्या धुलाईला आणि यंत्रांचं ग्रीस काढायला वापरतात ते एक रसायन पाण्यात सापडलं होतं. प्रमाण थोडंच, पण बाळंतिणी आणि तान्ही बाळं यांच्या बाबतीत थोडं म्हणजे नेमकं किती, हे छातीठोकपणे सांगायला कुणी तयार नव्हतं. वीस खाटांच्या त्या दवाखान्याची बोअर त्याच दुपारी बंद झाली आणि दारात टँकर उभा राहिला. आजूबाजूची चारशे घरं त्याच खोल पाण्यावर होती. त्यांची पाळी कधी येणार, एवढंच बघायचं होतं.

माझ्या डोक्यात एक गोष्ट शिरत नव्हती. बोअर तीनशे फूट खोल. वर कुणी काही सांडलं तरी ते इतक्या खाली पोचलं कसं?

बाईंनी जीपमध्ये बसल्यावर समजावलं. पावसाचं पाणी माती, मुरूम, खडकातल्या बारीक भेगा यांतून थेंबाथेंबानं उतरतं आणि उतरता उतरता गाळून निघतं. "आज या दवाखान्यात येतंय ते पाणी तुमच्या पणजोबांच्या लहानपणी पडलेलं असेल, दादा. त्याला खाली जायला एवढा वेळ लागतो. हे रसायन मात्र धावत गेलंय. म्हणजे कुठंतरी दार उघडं राहिलंय."

दार म्हणजे विसरलेली विहीर. वापर थांबला, वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर माती, मातीवर घर. पण खालचं भोक तसंच. अशा विहिरी हुडकून बुजवायच्या, हेच बाईंचं काम. खात्यात त्यांना विहीरबाईच म्हणत. पन्नाशीच्या, किडकिडीत, खांद्यावर लोखंड हुडकणारं यंत्र, आणि चालताना नजर सदा जमिनीवर. काही हरवलंय का, असं रस्त्यात लोक विचारायचे. त्या हो म्हणायच्या.

त्यांचा सगळा भरवसा एका वहीवर होता. बावन्न वर्षांपूर्वी खात्यातल्या एका ओव्हरसियरनं अख्खं गाव पावलांनी मोजून तेवीस विहिरी नोंदवल्या होत्या. माणूस इतका काटेकोर, की त्याचं नाव फूटपट्टी पडलं होतं. पहिल्या अठरा विहिरी आम्हाला त्याच्या आकड्यांवरून बिनचूक सापडल्या. पुढच्या चार ठिकाणी खड्डे खणले, तर कोरी माती. तेविसावी तेवढी बाकी होती. अनुक्रमणिकेत तिच्यापुढं एकच ओळ होती: रंगाच्या कारखान्याच्या आवारात. आणि ते आवार प्रसूतिगृहाच्या वरच्या अंगाला, जेमतेम अर्ध्या मैलावर होतं.

रेकॉर्डकीपरनं कपाट उघडलं, वही काढली, शेवटचं पान उलटलं आणि तिथंच थांबला.

तेविसाव्या विहिरीचं पान नव्हतं. कुणीतरी ते ब्लेडनं कापून नेलं होतं.

२

रेकॉर्डकीपर निवृत्तीला सहा महिने उरलेला, पापभीरू माणूस. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. किल्ली आपल्याच कमरेला असते, संशय आपल्यावरच येणार, हे त्यानं न विचारताच सांगून टाकलं. बाईंनी त्याला आधी खुर्चीवर बसवलं.

गेल्या दोन महिन्यांत वही तिघांनी पाहिली होती. भेटीच्या रजिस्टरात तशी नोंद होती. पहिला लाँड्रीवाला. त्याचं दुकान त्याच जुन्या आवारात, परवान्यासाठी त्याला जागेचे कागद हवे होते. दुसरा त्याच्याच ओळीतला शिलाई मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याचं शेजाऱ्याशी हद्दीवरून वाजलं होतं. तिसरी, फूटपट्टीची मुलगी. एकसष्ट वर्षांची, निवृत्त शिक्षिका. वडिलांचं अक्षर बघायचंय म्हणाली, तासभर बसली, जाताना डोळे पुसून गेली.

आवार म्हटलं तरी ते काही अंगण नव्हतं. कारखाना कधीच पाडला होता. त्या जागेवर आता घरं, गोदामं, दुकानं मिळून साठेक बांधकामं होती. पानाशिवाय विहीर शोधायची तर साठ फरश्या फोडाव्या लागल्या असत्या.

मी म्हणालो, यात शोधायचं काय? रसायन वापरतो कोण, लाँड्रीवाला. पान नाहीसं होण्यात फायदा कुणाचा, लाँड्रीवाल्याचा. बाईंनी खिडकीजवळ वही उजेडात धरली आणि बोट शिवणीवरून फिरवलं.

"दादा, हे बघा. शिवलेल्या वहीतलं एक पान कापलं की त्याच्या जोडीचं पान सुटं होतं. चार दिवसांनी गळून पडतं."

जोडीचं पान गळलं नव्हतं. शिवणीपाशी पातळ कागदाची अरुंद पट्टी चिकटवली होती, इतकी सफाईदार, की बोटाला लागेपर्यंत डोळ्याला दिसू नये. खळही जुन्या पद्धतीची, घरी शिजवलेली.

"ज्यानं पान नेलं," बाई म्हणाल्या, "त्यानं घरून खळ करून आणली होती. बाकीच्या वहीला इजा होऊ नये म्हणून."

३

तरीही आम्ही आधी लाँड्रीकडेच गेलो.

जुन्या आवाराच्या मागच्या दगडी भिंतीला पाठ लावून अकरा दुकानं एका ओळीत उभी होती. लाँड्री मधोमध. आत वाफेचा ढग, हँगरवर कोटांची रांग, आणि कोपऱ्यात कपाटाएवढं बंद यंत्र. लाँड्रीवाला घामाघूम होऊन इस्त्री करत होता. आमच्या जीपवरचं खात्याचं नाव वाचलं आणि त्याचा आवाज चढला. बातमी फुटल्यापासून गिऱ्हाइकं आपल्याकडे खुनी असल्यासारखं बघतायत, आपलं यंत्र बंद आहे, एक थेंब बाहेर जात नाही, उरलेलं रसायन पिंपात भरून कंपनीची गाडी घेऊन जाते, असं त्यानं एका दमात ऐकवलं.

बाईंनी मागची खोली बघायची परवानगी मागितली. त्यानं इस्त्री बाजूला ठेवली. मग म्हणाला, आज नाही, किल्ली बायकोकडे आहे. खोलीला कुलूप नव्हतंच, नुसती कडी होती. ती मी पाहिली, बाईंनी पाहिली, आणि आम्ही पाहिली हे त्यानंही पाहिलं.

मिस्त्रीचं दुकान ओळीत शेवटून दुसरं. माणूस बोलका. गुडघ्याएवढ्या स्टुलावर बसून तो मशीनचे सुटे भाग फडक्यानं पुसत होता. त्यानं आम्हाला चहा पाजला, लाँड्रीवाल्याची मनसोक्त निंदा केली, या ओळीच्या बांधकामाला नावं ठेवली. ठेकेदारानं सगळं कच्चं केलंय, दहा दुकानांच्या मोऱ्या महिन्याआड तुंबतात, रोज कुणी ना कुणी काठी घालत बसलेलं असतं. त्याचं नशीब तेवढं बरं. वीस वर्षांत त्याची मोरी एकदाही भरली नाही, काहीही ओता, गुपकन गिळते. डोकं मात्र अलीकडे फार दुखतं, वय झालं.

वहीबद्दल विचारलं तर म्हणाला, हद्दीचा नकाशा नव्हताच तिच्यात, नुसते पावलांचे आकडे. दोन मिनिटांत परत दिली.

परतताना मी लाँड्रीवाल्याच्या कडीबद्दलच बोलत होतो. तो काहीतरी लपवतोय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बाई म्हणाल्या, लपवतोय खरा. पण खळ शिजवून आणणारा माणूस तो नव्हे. आणि मग त्यांनी मांडीवर वही उघडून एक विचित्र प्रश्न विचारला.

"फूटपट्टीनं अठराव्या विहिरीपर्यंत शाईनं लिहिलंय. एकोणिसाव्यापासून पेन्सिल. का?"

४

मी म्हणालो, शाई संपली असेल. बाई म्हणाल्या, सरकारी कचेरीत सगळं संपतं, शाई संपत नाही.

त्यांनी मला रस्त्याच्या कडेला जीप थांबवायला लावली, मागच्या बाकावर उताणं झोपवलं, हातात आपलं शाईचं पेन दिलं आणि वही तोंडावर धरून माझं नाव लिहायला सांगितलं. पन्नाशी उलटलेला माणूस भर रस्त्यात जीपमध्ये पाय दुमडून झोपलाय आणि आकाशाकडे तोंड करून लिहितोय, हे बघायला दोघं सायकलवाले थांबले. अर्धं नाव झालं आणि पेन कोरडं पडलं. शाई वर चढत नाही. बाईंनी पेन काढून पेन्सिल दिली. ती चालली, पण ओळ मात्र उजवीकडे वर चढत गेली.

एकोणीसपासून पुढच्या सगळ्या पानांवर ओळी तशाच उजवीकडे वर चढल्या होत्या.

"तो झोपून लिहीत होता," बाई म्हणाल्या. "पाठीवर. महिनोन्महिने. आणि झोपलेला माणूस पावलं मोजत नाही."

त्यांच्या आवाजात असं काही होतं, की मी उठून बसलो. चार ठिकाणी आम्ही चुकलो ते आकडे खोटे होते म्हणून नव्हे. पावलं दुसऱ्याची होती.

एकोणिसावी विहीर पुलाच्या टोकापासून सरळ उत्तरेला दोनशे चाळीस पावलांवर होती. मोठ्या माणसाचं पाऊल अडीच फुटांचं धरून आम्ही सहाशे फुटांवर खड्डा खणला होता. बाईंनी त्या खड्ड्यापासून यंत्र घेऊन उलटं, पुलाकडे चालायला सुरुवात केली. पावलागणिक थांबत, जमिनीवर यंत्र फिरवत. एका बंद छापखान्याच्या अंगणात यंत्र किंचाळलं. फूटभर मातीखाली रहाटाचं गंजलेलं लोखंड होतं, लोखंडाखाली फळ्या, फळ्यांखाली पोकळी. टेपनं मोजलं: पुलापासून चारशे वीस फूट. दोनशे चाळीसनं भागा. एक पाऊल पावणेदोन फुटांचं.

त्या मापानं विसावी विहीर संध्याकाळच्या आत सापडली. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी एकविसावी आणि बाविसावी. हाताच्या अंतराचीही चूक नाही. ऊन, रहदारी, कुत्री, चढउतार यांतून कुणीतरी छोटी छोटी पावलं टाकत गेलं होतं आणि एकही पाऊल चोरलं नव्हतं.

बाविसाव्या विहिरीच्या काठावर बाई उकिडव्या बसल्या. "आठ-नऊ वर्षांचं मूल," त्या हळूच म्हणाल्या. मग गुडघे झाडून उठल्या. "चला. पान कुठं आहे ते कळलं."

५

शिक्षिकेचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडताच तिची नजर बाईंच्या हातातल्या वहीवर गेली. आम्ही कोण, कशाला आलो, तिनं काही विचारलं नाही. बसा म्हणाली, आत गेली, आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेलं पान आणून टेबलावर ठेवलं.

तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. मोजणीच्या शेवटच्या वर्षी वडील शिडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. तीन महिने पाठीवर. काम अर्धवट राहिलं तर ते दुसऱ्या कुणाच्या नावावर जाणार होतं, आणि मोजणी ओव्हरसियरनं जातीनं करायची असा नियम. घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणून शाळा सुटली की नऊ वर्षांची ती पोर निघायची. आकडा विसरू नये म्हणून घरी पोचेपर्यंत तोंडानं घोकत यायची. वडील उताणे पडल्या पडल्या लिहून घ्यायचे.

"चार विहिरी मी मोजल्या," ती म्हणाली. "पाचवी नाही मोजली. आकडा मनानं सांगितला."

पुढं वडील बरे झाले, पण लंगडे झाले. त्यांना टेबलाचं काम मिळालं. तीस वर्षं जगले. खात्यानं त्यांना शाबासकीचं पत्र दिलं होतं, ते भिंतीवर लावलेलं होतं. येईल त्या पाहुण्याला ते सांगायचे की माझ्या वहीत एक आकडा खोटा निघाला तर मिशी उतरवीन. आणि ती बाजूला बसून ऐकायची. आज सांगू, उद्या सांगू करता करता ते गेले.

मग दोन महिन्यांपूर्वी तिनं वर्तमानपत्रात वाचलं की खातं वही घेऊन खणत निघालंय. तेविसाव्या ठिकाणी काही मिळालं नाही की लोक म्हणणार, फूटपट्टीनं घरी बसून आकडे ठोकले. पान नसलं तर निदान बाबांवर खोटेपणाचा डाग तरी लागणार नाही, एवढंच तिच्या मनात होतं. दवाखान्याच्या पाण्याची बातमी नंतर आली. तेव्हापासून ती रोज खात्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत येत होती.

"मी तान्ह्या मुलांच्या जिवाशी खेळले, बाई. पान देऊनही उपयोग नाही. त्याच्यावर आहे ते खोटं आहे."

बाईंनी पान उचललंही नाही. त्यांनी विचारलं, "चार मोजल्यात. मग पाचवीला काय झालं?"

"गेले होते मी. दारापर्यंत गेले. कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून एक शेड होती, तिच्या आत विहीर. आत जायचं धाडस झालं नाही."

"का?"

तिनं खाली बघितलं. तिच्या एकसष्ट वर्षांच्या चेहऱ्यावर क्षणभर ती नऊ वर्षांची पोर आली.

"तुम्ही हसाल. आत कुणीतरी श्वास घेत होतं."

६

बाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीच्या कडेवर आल्या आणि एकामागून एक प्रश्न विचारायला लागल्या. किती वाजता? शाळा सुटल्यावर, चारच्या सुमारास. वारा जाणवला? हो, दाराखालून गार वारा पायांवर येत होता, फ्रॉक हलत होता. आणि आतून लांब, संपता न संपणारा उसासा. पुन्हा कधी गेलात? एकदाच, रविवारी सकाळी, बाबांसाठी हिंमत बांधून. तेव्हा तर दारापुढची वाळकी पानं सरपटत दाराखालून आत ओढली जात होती. ती पळाली ती पुन्हा त्या बाजूला फिरकलीच नाही.

"सकाळी आत, दुपारी बाहेर," बाई पुटपुटल्या. मग त्यांनी शिक्षिकेचा हात धरला. "तुम्ही खोटं नाही सांगितलंत. तुम्ही आकडा खोटा सांगितलात, पण बघितलं ते सोळा आणे खरं होतं. विहीर श्वास घेते."

मला वाटलं, बाई तिचं मन राखतायत. तसं नव्हतं. हवेलाही वजन असतं आणि ते दिवसभरात कमीजास्त होतं, असं त्यांनी सांगितलं. सकाळी दहापर्यंत दाब वाढतो, तेव्हा वरची हवा जमिनीत ढकलली जाते. दुपारी दाब उतरला की आतली हवा बाहेर येते. साध्या विहिरीत हे कळतही नाही. पण खाली खडकात मोठ्या कोरड्या पोकळ्या असतील, आणि वर येऊ पाहणाऱ्या सगळ्या हवेला एकच तोंड असेल, तर ते तोंड उसासे टाकतं.

"अशी विहीर मी पुस्तकात वाचलीय. पाहिली नाही," त्या म्हणाल्या.

शेड गेली होती, कारखाना गेला होता, पण मागची दगडी भिंत उभी होती. तिला पाठ लावून अकरा दुकानं. साठ बांधकामांवरून आम्ही अकरांवर आलो. दुपारी साडेतीनला बाई पातळ कागदाच्या पट्ट्या घेऊन त्या ओळीत उतरल्या. बरोबर शिक्षिका होती. तिला घरी बसवेना.

लाँड्रीवाल्यानं या खेपेला स्वतःच कडी काढली. मागच्या खोलीत डबे होते, झाकण लावलेले. वापरलेलं रसायन कंपनीच्या गाडीत देण्याऐवजी त्यातलं थोडं तो ओळखीच्यांना देत होता. नियमाविरुद्ध होतं, म्हणून लपवत होता. कुणाला देतोस, असं बाईंनी विचारलं. त्यानं मान फिरवून शेवटून दुसऱ्या दुकानाकडे पाहिलं.

दहा दुकानांत फरशीच्या प्रत्येक भेगेवर, प्रत्येक मोरीवर कागदाची पट्टी धरून झाली. पट्टी सरळ लोंबत राहिली. मिस्त्रीच्या मागच्या खोलीत मोरीवर लोखंडी जाळी होती. बाईंनी पट्टी जाळीवर धरली आणि सोडून दिली.

पट्टी खाली पडली नाही. ती वर गेली, छताला टेकली, आणि तिथंच थरथरत राहिली.

७

मिस्त्री दाराच्या चौकटीला धरून उभा होता. बाईंनी त्याच्यावर आवाज चढवला नाही. सांगितलं एवढंच, की वीस वर्षांत जी मोरी कधी तुंबली नाही, ती मोरी नव्हतीच. मशीनचे भाग धुऊन उरलेलं रसायन तो वाटी-वाटीनं तिथं ओतत आला होता. ते पाण्याहून जड; सरळ तळाला जाऊन बसलं आणि तिथून खडकाच्या भेगांनी दवाखान्याच्या बोअरकडे निघालं. डोकंही वयामुळं दुखत नव्हतं. दुपारी विहीर उसासा टाकायची तो सगळा वास घेऊन.

"आम्ही तेच पाणी पितो," तो म्हणाला, आणि जमिनीवर बसला. लाँड्रीवाल्यानं पुढं होऊन त्याला पाणी द्यायला तांब्या उचलला, मग तांब्यात बघितलं, आणि तसाच धरून उभा राहिला.

दोन दिवसांनी मोजमाप करून, आतली हवा तपासून फरशी तोडली. ठेकेदारानं जुन्या विहिरीवर नुसती स्लॅब टाकून मधे भोक ठेवलं होतं. स्लॅबचा तुकडा उचलला तेव्हा चार वाजत आले होते, आणि आम्ही सगळे एक पाऊल मागं सरलो. आतून वारा आला. जोराचा नव्हे. एखादं मोठं जनावर झोपेत श्वास सोडतं तसा, सावकाश, गार, न थांबणारा.

बाईंनी कॅमेरा आणि दिवा दोरीनं सोडला. पडद्यावर दिसायला लागलं तसे सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. अकरा फूट रुंद, एकसंध घडीव दगडांची गोल भिंत. दगडावर छिन्नीचा घाव न् घाव ताजा वाटावा असा. दिवा चाळीस फुटांवर गेला आणि भिंतीत एका बाजूला काळी फट उघडली. माणूस उभ्यानं आत जाईल एवढी. बाईंनी दिवा तिच्याकडे वळवला. उजेड आत गेला, आणि गेला. त्याला समोरचा दगड सापडला नाही.

"केवढी आहे ही पोकळी?" मी विचारलं.

बाईंनी मान हलवली. बाहेर येणारी हवा मोजून हिशेब करता येईल म्हणाल्या, पण अंदाज सांगायचा तर आपण सगळे, हा बाजार, तो दवाखाना, चारशे घरं, तिच्यावर उभे आहोत. त्याखाली पाणी. दिवा आणखी उतरला आणि ते पाणी दिसलं. काळं, काचेसारखं स्थिर, आणि त्यात आमचाच दिवा खालून वर येताना. ज्यांनी ही विहीर खणली त्यांनी उन्हात घाम गाळून त्या पाण्याला हात लावला असेल. आम्ही त्यात वाटी-वाटीनं रसायन ओतलं होतं.

शिक्षिका पुढं आली. काठाशी, बाईंनी घातलेल्या दोरापर्यंत. वाऱ्यानं तिचे पांढरे केस कपाळावरून मागं गेले. ती डोळे मिटून उभी राहिली.

मग म्हणाली, "बाबांना दाखवायला हवं होतं."

८

पुढचं काम कंटाळवाणं होतं आणि लांबलं. तळाचं रसायन उपसायला सात महिने गेले. मिस्त्रीनं दुकान मोकळं करून दिलं आणि रोज पंपावर येऊन उभा राहायचा. जा म्हटलं तरी जायचा नाही. लाँड्रीवाल्याचा परवाना वर्षभर थांबला. चारशे घरांच्या बोअरमध्ये रसायन पोचण्याआधी आम्ही पोचलो होतो. प्रसूतिगृहाचं पाणी चौदाव्या महिन्यात तीनदा तपासलं, तिन्ही वेळा निर्मळ निघालं.

पान कापल्याबद्दल शिक्षिकेवर काय करायचं, यावर खात्यात बरीच चर्चा झाली. बाईंनी अहवाल लिहिला, आणि तो मी टपालात टाकण्याआधी वाचला, कारण पाकीट उघडं होतं. एकोणीस ते बावीस या विहिरींपुढं मोजणी करणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: ओव्हरसियर यांची कन्या, वय नऊ. मोजणी अचूक. तेविसाव्या विहिरीपुढं लिहिलं होतं: मोजणी झाली नाही. पान परत मिळाले. वरिष्ठांनी त्यावर काही शेरा मारला नाही.

विहीर शेवटी बुजवावी लागली. मला ते पटत नव्हतं. बाईंनाही जड जात होतं, पण त्या म्हणाल्या, आपण असेपर्यंत राखू, आपल्यानंतर इथं कोण काय ओतेल याची खात्री कोण देणार? खालच्या पाण्याला आपलं कौतुक नको, आपला हात त्यापासून लांब हवा.

सकाळी आठला सिमेंटचे ट्रक लागले. सिमेंट पोकळीत वाहून जाऊ नये म्हणून फटीच्या तोंडाशी दगड रचून घेतले होते, आणि तळापर्यंत नळ सोडला होता. सिमेंट खालून वर भरत येणार होतं. बाईंनी स्लॅबला एक हातभर भोक तेवढं ठेवलं. सिमेंट जसं चढायला लागलं, तशी आतली हवा त्या भोकातून निघायला लागली. सकाळची वेळ, खरं तर विहिरीनं श्वास आत घ्यायची. पण त्या दिवशी ती बाहेरच सोडत होती. आधी थंड, मग थोडी ओलसर, दगडाचा वास असलेली. एवढी हवा, की ती किती जुनी असेल, कुठून कुठून आली असेल, याचा विचार करवेना. मजुरांपैकी कुणी टोपी काढली, कुणी नुसतेच हात मागं बांधले. शिक्षिका एका खुर्चीवर बसून होती. मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता.

दुपारी सव्वा वाजता आवाज बारीक झाला. मग एक शीळ राहिली. मग तीही थांबली, आणि भोकात करडं, ओलं सिमेंट वर आलं.

बाईंनी घड्याळात बघून वेळ लिहून घेतली. त्यानंतर बराच वेळ त्यांनी पेनाला टोपण लावलं नाही. शेवटी ट्रकवाल्यानं विचारलं, झालं का, गाडी काढू? बाई म्हणाल्या, काढा, सावकाश काढा.